सुरक्षा समितीत आप्त कोण?

आजच्या व्याख्यानाचा विषय जाहीर झाला तेव्हा दोघातिघांनी मला फोन करून विचारलं, 'सर, तुम्ही आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलंत. कारखान्यातल्या सुरक्षा प्रशिक्षणावर तुम्ही काय बोलणार?' प्रश्न रास्त आहे. मी इंजिनिअर नाही, कारखाना निरीक्षकही नाही. पण हा विषय माझ्यापर्यंत कसा आला ते सांगितलं, की उत्तर आपोआप मिळेल.

काही वर्षांपूर्वी माझ्या एका जुन्या विद्यार्थ्यानं मला त्याच्या कारखान्यात बोलावलं. तो तिथे मनुष्यबळ विभागात अधिकारी होता. मार्च महिना, म्हणजे सुरक्षा सप्ताह. ४ मार्च हा आपल्याकडे राष्ट्रीय सुरक्षा दिवस असतो. १९६६ साली त्याच तारखेला राष्ट्रीय सुरक्षा परिषद स्थापन झाली. त्या आठवड्यात कारखान्यांतून शपथ होते, घोषवाक्यांची स्पर्धा होते, पोस्टर लागतात आणि पाहुण्यांचं भाषण होतं. त्या वर्षीचा पाहुणा मी. समोर सुरक्षा समितीचे सदस्य आणि तीसेक कामगार. विषय दिला होता, 'जीवनमूल्ये आणि सुरक्षितता'.

माझ्या आधी एका प्रशिक्षकाचा तास होता. त्यांनी पॉवर प्रेसबद्दल शिकवलं. प्रेस म्हणजे वरून जोरात खाली येणारा ठोकळा आणि खाली साचा; मध्ये पत्रा ठेवायचा, ठोकळा खाली आला की पत्र्याला आकार मिळतो. या मशीनला दोन बटणं असतात, एकमेकांपासून लांब. दोन्ही हातांनी दोन्ही बटणं एकाच वेळी दाबली तरच ठोकळा खाली येतो. कारण साधं आहे: दोन्ही हात बटणांवर असले म्हणजे एकही हात साच्यात असू शकत नाही. प्रशिक्षकांनी विचारलं, 'दोन बटणं का असतात?' सगळ्या वर्गानं एका सुरात बरोबर उत्तर दिलं. टाळ्या झाल्या.

मग चहा. चहाच्या वेळी एक मध्यमवयीन गृहस्थ माझ्याजवळ आले. समितीतले कामगार प्रतिनिधी होते. हळू आवाजात म्हणाले, 'सर, आमच्याकडे एक बटण पट्टी लावून दाबूनच ठेवतात. दोन्ही हात वापरले तर टार्गेट होत नाही. सगळ्यांना ठाऊक आहे.' मी म्हटलं, 'अहो, मग वर्गात का नाही सांगितलंत?' ते म्हणाले, 'वर्गात तसं विचारलं नाही ना, सर. वर्गात विचारलं, दोन बटणं का असतात.'

चहानंतर मी माझं भाषण केलं. मूल्यांवर. चांगलं झालं असं लोक म्हणाले. त्या पट्टीबद्दल मी बोललो नाही. कुणी विश्वासानं सांगितलेली गोष्ट चारचौघांत कशी काढायची, असा विचार केला. घरी आलो.

तीन महिन्यांनी माझ्या विद्यार्थ्याचा फोन आला. ठेकेदाराकडच्या एका पोराची दोन बोटं त्या प्रेसवर गेली होती. चौकशी झाली आणि अहवालात कारण लिहिलं गेलं: कामगाराचा निष्काळजीपणा. पुरावा म्हणून प्रशिक्षणाचा हजेरीपट जोडला होता. त्यावर त्या पोराची सही होती. आणि वर, पाहुणे वक्ते म्हणून, माझं नाव.

तेव्हापासून हा विषय माझा आहे. माझा प्रश्न असा आहे: त्या कारखान्यात धोक्याचं ज्ञान होतं. ते कामगारांकडे होतं, समितीच्या सदस्याकडे होतं, चहा पिताना ते माझ्याकडेही आलं. तरी ते ज्ञान कारखान्याच्या दृष्टीनं अस्तित्वातच नव्हतं. हे कसं होतं?

आता थोडं शास्त्राकडे वळू. गौतमाच्या न्यायसूत्रांत ज्ञानाची चार साधनं सांगितली आहेत: प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द. शब्द म्हणजे दुसऱ्याच्या सांगण्यातून मिळणारं ज्ञान. पण कुणाच्याही सांगण्यातून नाही, आप्ताच्या. मराठीत आपण आप्त म्हणजे नातेवाईक समजतो, आप्तेष्ट म्हणतो. न्यायदर्शनातला आप्त वेगळा. वात्स्यायनानं आपल्या भाष्यात त्याची दोन मुख्य लक्षणं सांगितली आहेत. एक, त्यानं ती गोष्ट स्वतः साक्षात जाणलेली असावी. दोन, जशी जाणली तशी ती सांगण्याची त्याला इच्छा असावी. आणि पुढे वात्स्यायन जे म्हणतो ते मला फार मोठं वाटतं. हे लक्षण ऋषीला, आर्याला आणि म्लेंच्छाला सारखंच लागू आहे, असं तो म्हणतो. म्हणजे आप्त कोण हे कुळावरून, पदावरून किंवा पदवीवरून ठरत नाही. तो त्या गोष्टीच्या किती जवळ आहे आणि खरं सांगतो की नाही, एवढंच बघायचं.

मग प्रेसच्या बाबतीत आप्त कोण? त्या मशीनवर दिवसाचे आठ तास उभा राहणारा माणूस. सुरक्षा अधिकाऱ्याला मशीनचं पुस्तक ठाऊक आहे. मशीन प्रत्यक्षात कसं चालवलं जातं हे चालवणाऱ्याला ठाऊक आहे. पण आपल्या प्रशिक्षणवर्गाची रचना बघा. बोलणारा एक, ऐकणारे तीस. ज्ञान वरून खाली येतं, प्रेसच्या ठोकळ्यासारखं. खालून वर काही जात नाही. वर्ग संपल्यावर परीक्षा होते ती कामगाराची. त्याला जे ठाऊक आहे ते कुणी विचारत नाही.

याला इतिहास आहे. हर्बर्ट हाइन्रिक नावाचे गृहस्थ अमेरिकेत एका विमा कंपनीत होते. १९३१ साली औद्योगिक अपघात टाळण्याविषयी त्यांचं पुस्तक आलं. सुमारे ७५ हजार अपघात-प्रकरणं तपासून त्यांनी मांडलं, की शंभरातले ८८ अपघात माणसांच्या असुरक्षित वागण्यामुळे होतात, १० असुरक्षित परिस्थितीमुळे, आणि २ टाळता येण्यासारखे नसतात. हा ८८चा आकडा जगभर गेला. आजही सुरक्षेच्या वर्गात कुठे ना कुठे तो भेटतो. पण ही ७५ हजार प्रकरणं आली कुठून? विमा कंपनीच्या फायलींतून आणि कारखानदारांच्या नोंदींतून. म्हणजे अपघाताचं कारण ज्यांनी लिहिलं ते मालकाच्या बाजूचे लोक होते. ज्याचा हात गेला त्याची साक्ष तिथे मोजलीच गेली नव्हती. आता बघा, आमच्या त्या कारखान्यातही एका नोंदीची भर पडली: 'कामगाराचा निष्काळजीपणा'. टार्गेट कुणी ठरवलं होतं, पट्टी रोज दिसत असताना सुपरवायझरनं का चालू दिली, पट्टी लावता येईल असं बटण का बसवलं, यातलं काही नोंदीत नाही. आकडा खोटा असेलच असं नाही. पण ज्या साक्षीवर तो उभा आहे ती एकतर्फी आहे.

कामगाराची साक्ष मोजा, ही मागणी आपल्याकडे काही कालची नाही. १८८४ साली मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांनी गिरणी कामगारांची सभा घेतली आणि साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचं निवेदन तयार केलं. रविवारची सुट्टी मागितली, दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती मागितली, हे आपण शाळेत वाचतो. पण त्या निवेदनात आणखी एक मागणी होती: कामावर जखमी झालेल्याला बरं होईपर्यंत पगार मिळावा, आणि कायमचा अपंग झाला तर त्याच्या उपजीविकेची सोय व्हावी. साडेपाच हजार माणसांनी सांगितलं, की गिरणीत काय होतं ते आम्हाला ठाऊक आहे. ही माझ्या मते आप्तवाक्याचीच मागणी होती.

बरोबर शंभर वर्षांनी, २ आणि ३ डिसेंबर १९८४च्या मधल्या रात्री, भोपाळ झालं. युनियन कार्बाइडच्या कारखान्यातून मिथाइल आयसोसायनेट वायू शहरावर पसरला आणि हजारो माणसं मेली. टाकी थंड ठेवणारी यंत्रणा बंद होती, गळणारा वायू जाळून टाकणारा मनोरा दुरुस्तीसाठी बंद होता, त्या विभागातली माणसं कमी केलेली होती. हे सगळं तुम्ही वाचलेलं असेल. मला आज त्यातली दुसरी बाजू सांगायची आहे. १९८१च्या डिसेंबरमध्ये याच कारखान्यात फॉस्जीन वायूनं एका कामगाराचा बळी घेतला होता. त्यानंतर कामगार संघटनेनं धोक्याबद्दल आवाज उठवला होता. म्हणजे आप्त बोलले होते. ऐकणारं कुणी नव्हतं. आणि मग जे होतं ते फार वाईट असतं: न ऐकलं जाण्याची सवय होते, धोक्याचीही सवय होते. लहानसहान गळती तिथे नेहमीची झाली होती. त्या रात्री कामगारांचे डोळे चुरचुरायला लागले, गळती लक्षातही आली. पण चहा झाल्यावर बघू, असं ठरलं. यात कुणी मूर्ख नव्हतं. डोळे चुरचुरणं ही बातमी राहिली नव्हती, एवढंच.

भोपाळनंतर आपला कायदा बदलला. १९४८च्या कारखाने अधिनियमात १९८७ साली दुरुस्ती झाली. त्यातल्या तीन गोष्टी महत्त्वाच्या होत्या, म्हणून सावकाश सांगतो.

पहिली, कलम ४१-ग. धोकादायक प्रक्रिया चालत असे तिथे सुरक्षा समिती नेमावी लागे, आणि तीत कामगारांचे आणि व्यवस्थापनाचे प्रतिनिधी सारख्या संख्येनं घ्यावे लागत. दुसरी, कलम ४१-ह. जिवाला किंवा आरोग्याला तातडीचा धोका आहे अशी कामगारांना रास्त भीती वाटली, तर ते स्वतः किंवा समितीतल्या प्रतिनिधीमार्फत व्यवस्थापनाला सांगू शकत, आणि त्याच वेळी निरीक्षकालाही कळवू शकत. धोका खरा असेल तर व्यवस्थापनाला लगेच उपाय करून निरीक्षकाला अहवाल द्यावा लागे. धोका नाही असं व्यवस्थापनाचं मत असेल तर प्रकरण निरीक्षकाकडे पाठवावं लागे, आणि त्याचा निर्णय अंतिम असे. तिसरी, कलम १११-अ. आपल्या आरोग्याविषयी आणि सुरक्षेविषयी माहिती मागण्याचा, प्रशिक्षण मिळण्याचा आणि निरीक्षकापुढे म्हणणं मांडण्याचा कामगाराचा हक्क. २०२० साली संसदेनं जुने कायदे एकत्र करणारी नवी संहिता केली; २०२५ साली ती लागू झाली आणि १९४८च्या अधिनियमाची जागा तिनं घेतली. तीतही समिती आहे आणि धोका कळवण्याचा हक्कही आहे.

या कलमांचा अर्थ तत्त्वज्ञानाच्या भाषेत काय? कायद्यानं कामगाराला साक्षीदार मानलं. प्रशिक्षण हा त्याचा हक्क आहे असं म्हटलं. आणि आपण काय केलं? हक्काचा हजेरीपट केला. सही घेतली म्हणजे आमची जबाबदारी संपली, उद्या काही झालं तर 'तुला शिकवलं होतं' असं म्हणता येतं. जे प्रशिक्षण कामगाराच्या हातात द्यायचं होतं, ते त्याच्याविरुद्धचा पुरावा झालं. समितीतही तेच. खुर्च्या सारख्या आहेत, पण एका बाजूला पगारवाढ ठरवणारा साहेब आणि दुसऱ्या बाजूला त्याच्याच विभागातला माणूस. इतिवृत्तात वाक्य येतं, 'कोणतीही तक्रार नाही'. आप्ताचं दुसरं लक्षण आठवा: जसं जाणलं तसं सांगण्याची इच्छा. भीती ही इच्छाच मारते. ज्ञान शाबूत राहतं, आप्त मात्र उरत नाही.

आता कुणी म्हणेल, सर, म्हणजे कामगार सांगेल तेच खरं का? नाही. हाही मुद्दा नीट समजून घ्या, कारण यात जीव जातात. ड्रेनेजचं किंवा रसायनाचं बंद टाकं घ्या. आत हायड्रोजन सल्फाइड असतो. त्याला सडक्या अंड्यांचा वास येतो हे सगळ्या अनुभवी माणसांना ठाऊक असतं. पण त्याचं प्रमाण वाढलं की नाकाची वास घेण्याची शक्तीच बधिर होते. वास थांबतो. अनुभवी माणूस म्हणतो, 'गेला वास, उतर आता.' तो खोटं बोलत नाही; त्याच्या इंद्रियानं त्याला फसवलेलं आहे. पहिला माणूस कोसळतो, त्याला काढायला दुसरा उतरतो, तोही कोसळतो. अशा दुर्घटनांत मरणाऱ्यांमध्ये वाचवायला गेलेल्यांची संख्या मोठी असते. दगड फोडताना फुप्फुसात जाणारी सिलिकाची धूळ, वर्षानुवर्षं कान खाणारा आवाज, ही नुकसानंही रोजच्या रोज जाणवत नाहीत. तिथे प्रत्यक्ष अपुरं पडतं. तिथे मीटर लागतो, डॉक्टर लागतो, आणि 'हवा तपासल्याशिवाय, बाहेर दोर धरून माणूस उभा असल्याशिवाय उतरायचं नाही' हे सांगणारा प्रशिक्षक लागतो.

म्हणजे कारखान्यात आप्त दोन प्रकारचे असतात. इंद्रियांना जे कळत नाही ते जाणणारा एक, आणि काम प्रत्यक्ष कसं होतं ते जाणणारा दुसरा. दोघांचं ज्ञान अर्धं आहे. सुरक्षा समिती म्हणजे या दोन अर्ध्यांची भेट. आजच्या व्याख्यानातून एकच गोष्ट घरी न्यायची असेल तर ही न्या. आणि प्रशिक्षण चांगलं की वाईट याची कसोटीही हीच: त्या वर्गातून दोन्ही बाजूंना नवीन काही कळलं का? फक्त कामगारांनाच कळलं असेल, तर वर्ग अर्धाच झाला.

व्यवहारात याचा अर्थ काय, ते थोडक्यात सांगतो.

कर्मचाऱ्यांच्या वर्गात पहिला प्रश्न 'नियम काय आहे?' हा नको. पहिला प्रश्न असा हवा: 'इथला कोणता नियम पाळला तर काम वेळेत पूर्ण होत नाही?' जिथे नियम आणि काम यांची टक्कर आहे, तिथेच पुढचा अपघात बसलेला असतो. हा प्रश्न विचारताना वरिष्ठ साहेब खोलीत नसलेले बरे. वर्ग कामगाराच्या भाषेत हवा. ठेकेदाराची मुलं कुठून कुठून येतात, त्यांना मराठी कळत नसेल तर हिंदीत, तेही पुरेसं नसेल तर त्यांच्यातल्याच जुन्या माणसाकडून. आणि हातानं करून बघितल्याशिवाय सही नाही. पोहण्यावरचं पुस्तक वाचून कुणी पोहत नाही.

समिती सदस्याला चार कामं शिकवावीत: बघणं, विचारणं, लिहिणं, पाठपुरावा करणं. बघणं म्हणजे महिन्यातून एकदा समितीनं मिळून शॉपमध्ये फेरी मारणं, रात्रपाळीतसुद्धा. विचारणं म्हणजे 'कोण चुकलं?' न विचारता 'असं करणं त्याला सोयीचं का वाटलं?' हे विचारणं. थोडक्यात बचावलेल्या प्रसंगांबद्दलही विचारायचं. बोट वाचलं तो दिवस शिकायला सगळ्यांत स्वस्त. लिहिणं म्हणजे धोका काय, उपाय काय, कुणी करायचा, कोणत्या तारखेपर्यंत, हे इतिवृत्तात येणं. पाठपुरावा म्हणजे पुढच्या बैठकीची सुरुवात त्याच यादीपासून करणं.

आणि उपाय सुचवताना क्रम चुकवायचा नाही. आधी धोका मुळातच काढून टाकता येतो का ते बघा. नसेल तर कमी धोक्याची वस्तू किंवा पद्धत वापरता येते का. मग यंत्रालाच आडोसा घालता येतो का. मग कामाची पद्धत, वेळ, सूचना. हेल्मेट, हातमोजे, गॉगल हे सगळ्यांत शेवटी. आपण बहुतेक ठिकाणी उलट करतो. शेवटची पायरी पहिली, कारण ती स्वस्त असते आणि तिची जबाबदारी कामगारावर टाकता येते. त्या प्रेसला पट्टी लावता येणार नाही असं बटण बसवणं, प्रत्येक ठोक्याला दोन्ही बटणं सोडून पुन्हा दाबावीच लागतील अशी रचना करणं, आणि दोन्ही हात वापरून जेवढा माल निघतो तेवढंच टार्गेट ठेवणं, हा उपाय होता. हजार शपथा घेतल्या असत्या तरी तो झाला नसता.

शेवटी एक प्रश्न, जो मला नेहमी विचारला जातो. आजही समोरून एका ताईंनी चिठ्ठी पाठवली आहे: 'लहान वर्कशॉपमध्ये समितीच नसते. तिथल्या माणसानं काय करायचं?' खरं आहे, ताई. समितीची सक्ती मुख्यतः मोठ्या आणि धोकादायक कारखान्यांना आहे, आणि बोटं तर लहान शॉपमध्येही जातात. पण माहिती मागण्याचा आणि निरीक्षकापुढे म्हणणं मांडण्याचा हक्क समितीवर अवलंबून नाही. आपल्या राज्यात त्यासाठी औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालय आहे. एकट्यानं बोलणं अवघड असतं, नोकरी जाण्याची भीती खोटी नाही. म्हणून चौघांनी मिळून बोलावं, लेखी द्यावं, प्रत जवळ ठेवावी. लोखंड्यांनीही सह्या घेतल्याच होत्या.

आणि तुमच्या चिठ्ठीत दुसरी ओळ आहे: 'त्या दिवशी तुम्ही काय करायला हवं होतं?' तुम्ही विचारलंत हे बरं केलंत. त्या गृहस्थांचं नाव न घेता मला माझं भाषण बाजूला ठेवता आलं असतं. 'कोणता नियम इथे पाळता येत नाही?' एवढं विचारून गप्प बसता आलं असतं. कदाचित कुणीच बोललं नसतं. कदाचित बोललं असतं. मी मूल्यांवर बोललो. आप्त माझ्याजवळ येऊन सांगून गेला होता, आणि मी त्याला चहाबरोबर घेतलेली एक गोष्ट समजलो. तुमच्यापैकी जे कुठल्याही समितीवर असतील, त्यांनी पुढच्या बैठकीत तो प्रश्न विचारावा, आणि उत्तर येईपर्यंत थांबावं.